आत्या, तू बोटीत गप्प बसलीस तेव्हा

आत्या,

तुला मांडी घालून खड्ड्यात बसवलं आणि स्वामींनी तुझा डावा तळहात उघडून त्यावर तुझं इष्टलिंग ठेवलं, तेव्हा मी मान वळवून मागे पाहिलं. आपल्या लिंगायतांत माणूस बसून जातो, आणि ज्या लिंगाची त्याने रोज तळहातावर घेऊन पूजा केली ते त्याच्याबरोबरच जातं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तुझा उघडा तळहात दिसला आणि मला वाटलं, मागून एखादी बोट जोरात येत असणार. आता लाट येईल.

मागे बोट नव्हती. सोलापूरचं ऊन होतं आणि माणसं होती. तुझी भाकरीची गिऱ्हाइकं, भवानी पेठेतले दुकानदार, तू ज्यांच्याशी भांडायचीस तेसुद्धा. सगळ्यांना तुला शेवटचं बघायचं होतं म्हणून सगळे एकदम पुढे सरकत होते, आणि कडेची माती तुझ्या अंगावर ढासळायला लागली होती.

"थांबा तिथंच," मी म्हणाले. "एकेकानं या."

इतक्या मोठ्याने, की स्वामीही क्षणभर थांबले. माणसं खरोखरच थांबली. नागम्माकाकू, जी इतकी वर्षं चुलीपुढे तुझ्या शेजारी बसून भाकऱ्या थापत आली, ती रडता रडता तुझं नाव घेऊन म्हणाली, "मादेवीचाच आवाज हाय की ह्यो."

मला तिला सांगायचं होतं की नाही, हा माझाच आहे. तो कुठे सापडला ते तुला, मला आणि बाबल नावाच्या एका बोटवाल्याला माहीत आहे.

तू गेल्याला महिनाही झाला नाही आणि तुझ्या भाकरीचं काय करायचं हे बोलणं घरात सुरू झालंय. बाबांवर रागावू नकोस. तुझा लहान भाऊ आहे, तूच लाडावलेला. ते म्हणतात, "ताईशिवाय हे चालणार नाही. शिवगणाराधनेचं जेवण झालं की बायकांना सांगू, दुसरीकडं बघा म्हणून. मागची खोली भाड्यानं देऊ." ते हे बोलतात तेव्हा त्यांचा आवाज बसलेला असतो. ती खोली रोज बघणं त्यांना सोसत नाही, एवढंच आहे. पण नागम्माकाकू आणि बाकीच्या चौघी अजून रोज सकाळी येतात, चूल पेटवतात आणि तू असतानाच्या राहिलेल्या ऑर्डरी पुऱ्या करतात. मला काही विचारत नाहीत. मी चहा घेऊन गेले की फक्त माझ्याकडे बघतात.

तुझा फोन देवघराच्या कोनाड्यात आहे. तो वाजतो. कुणी उचलत नाही. आईने त्याच्यावर रुमाल टाकून ठेवलाय, जसा काही त्याने आवाज कमी होणार आहे.

आणि हा तर आपलाच जुना वाद आहे ना. "माझ्यामागं हे तू बघायचं," असं तू कधीही, काहीही चाललेलं असताना म्हणायचीस. मी कॉम्प्युटरवर मीटिंगमध्ये असले तरी दारातून. मी म्हणायचे, मला नोकरी आहे. तू म्हणायचीस, नोकरीला कोण नको म्हणतंय, दोन्ही कर. मग मी खरं कारण सांगायचे, की मला लोकांशी बोलता येत नाही. त्यावर तू हातातली कडक भाकरी नखाने वाजवायचीस. नीट वाळलेली असली की ती टण् वाजते, ओल राहिली असली की मुकी राहते. ती माझ्या कानाजवळ धरून म्हणायचीस, "ऐकलीस? भाकरीबी बोलती गं, श्रेयव्वा. तू बोल की!"

मी का बोलत नाही हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. आता सांगते. शाळेत मराठी बोललं की फळ्यावर नाव लिहायचे, म्हणून शाळेत मी गप्प राहायला शिकले. घरी येऊन इंग्रजीत काही म्हणाले की चुलतभाऊ नक्कल करायचे, म्हणून घरीही गप्प. तुम्ही मोठी माणसं काही लपवायचं असलं की कानडीत बोलायचात, ती मला समजायची पण बोलता यायची नाही. तीन भाषांत गप्प राहणारी मुलगी होते मी. ऐकायला मात्र सगळं यायचं. दुकानात, दवाखान्यात, कॉलेजच्या ऑफिसात माझ्या वतीने तूच बोलायचीस, आणि मी तुझ्या मागे उभी राहून तू काय काय चुकीचं सांगतेस ते मनात दुरुस्त करायचे.

मागच्या हिवाळ्यात तू एकदम म्हणालीस, "मला समुद्र बघायचाय."

भिशीच्या बायकांची सहल जाणारच होती. तू त्यांच्याबरोबर जायला तयार नव्हतीस. "वीस बायका, वीस पिशव्या आणि वीस गुडघे. मला न्हाय जमत. मला बोट पायजे, आणि ती फक्त आपल्या दोघींची पायजे. पळणारी." हे तुझ्या डोक्यात कुठून आलं ते मला अजून माहीत नाही. मी मेसेज करकरून मालवणच्या पुढची एक स्पीडबोट ठरवली. फोन न करता ठरवली म्हणून मी स्वतःवर खूश होते. तू म्हणालीस, "त्या माणसाचा आवाज ऐकला न्हाईस आणि त्याच्या बोटीत बसणार? धन्य हाय बाई."

आणि मग तू पाणी भरलंस. सोलापूरहून समुद्राला जाताना तू दोन कॅन आपल्या नळाचं, उजनी धरणाचं पाणी भरून घेतलंस. बाबा बसस्टँडवर हसून हसून खाली बसले. "ताई, समुद्राला चाललीयस!" तू म्हणालीस, "समुद्राला नळ हाय का? कधी येतो, किती वेळ येतो, कोण सांगणार?" पाच दिवसांतून एकदा येणाऱ्या नळावर आयुष्य काढलेल्या बाईशी यावर वाद घालता येत नाही. तिथे पोचल्यावर समुद्र बघायच्या आधी तू खोलीतल्या बाथरूमचा नळ सोडून बघितलास. पाणी आलं. मग तू बादली भरलीस, मग आंघोळीचा टब, मग चहाची किटली, मग टेबलावरचे दोन ग्लास. खिडकीतून तो अख्खा समुद्र दिसत होता. तू त्याच्याकडे पाठ करून म्हणालीस, "आता गेलं तरी काळजी न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी जागी झाले तर तू आवरून पलंगावर बसली होतीस. पूजा केलेली नव्हती. हे मी तेव्हाच टिपलं होतं, आत्या. तू पूजेआधी चहासुद्धा घेत नाहीस, आणि वेळ भरपूर होता. मी विचारलं, तर तू म्हणालीस, "बोटीत करते. घरी रोजच करते की." आणि लहान बाटलीत आपलं पाणी भरून घेतलंस.

किनाऱ्यावर बाबलला ते पटलं नाही. त्याने आपल्याला लाइफ जॅकेट घातली, तुझे पट्टे दोनदा ओढून बघितले आणि म्हणाला, "काकी, बोटीत पूजा-बिजा नको हां. मगे वारो सुटता आणि बोट उडता."

"उडू दे की. पैसे उडायचेच दिले न्हाईत का?"

"माका काय, तुमचो देव दर्यात पडलो तर माका सांगू नकात."

"पडत न्हाय. तू बोट नीट धर, मी देव धरते."

तो किनारा विळीच्या पात्यासारखा आत वळलेला होता. एका टोकाला काळा खडक, दुसऱ्या टोकाला नारळ, आणि मधलं पाणी इतकं स्वच्छ की खालची वाळू दिसत होती. मी हे सगळं बघत होते आणि मनात इंग्रजी विशेषणं येत होती. तू पदर जॅकेटमध्ये खोचून पुढच्या बाकावर बसली होतीस. बाबलने वेग घेतला तसा बोटीचा पुढचा भाग वर उठला, तोंडावर पाणी उडालं, मी दोन्ही हातांनी दांडी धरली. आणि तू ओरडलीस, "हेच का जोरात? आमच्या मोडनिंबची वडाप जीप ह्याच्याहून जोरात जाती!"

मग बाबलनेही दाखवलं त्याची बोट काय करू शकते ते. तू एवढी हसलेली मी घरी कधी पाहिली नव्हती. तोंड उघडं टाकून, दात मोजता येतील असं. तोंडात खारं पाणी गेलं तर थुंकून परत हसत होतीस.

किनाऱ्याच्या बरोबर मध्यावर आल्यावर तू हात वर केलास. "बंद कर."

इंजिन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की पाणी बोटीला लागल्याचा आवाज येत होता. तू जॅकेटच्या गळ्यातून दोरा ओढलास, चांदीची डबी उघडलीस, लिंग डाव्या तळहातावर घेतलंस. विभूती लावलीस. बाटलीतलं उजनीचं पाणी थेंबथेंब सोडलंस. आणि गप्प झालीस.

ती तुझी गप्प बसण्याची दिवसातली एकच वेळ. लिंग हातावर असेपर्यंत तू बोलत नाहीस. घराला आग लागली तरी नाही. एकदा दूध उतू जाऊन अख्खी शेगडी विझली तेव्हाही तू फक्त भुवयांनी मला सांगितलं होतंस. हे मला माहीत होतं आणि तुला माहीत होतं की मला माहीत आहे.

ती दुसरी बोट खडकाच्या मागून आली. मोठी होती, माणसांनी भरलेली, वर गाणी लावलेली. कुणाला तरी आपल्या पलीकडे डॉल्फिन दिसले असावेत, कारण ती सरळ आपल्याच बाजूला वळली आणि वेग वाढला. बाबल उठून दोन्ही हात हलवायला लागला. त्यांना वाटलं, तो नमस्कार करतोय. त्यांनीही हात हलवले.

मी तुझ्या हाताकडे पाहिलं. तुझ्या उघड्या तळहातावर, समुद्राच्या मधोमध, ती एवढीशी वस्तू. तिच्याशिवाय तू अन्नाला शिवणार नाहीस. तू पडू देणार नाहीस हे खरं, पण त्या बोटीची लाट आली तर तू दांडी धरणार नाहीस, हेही खरं. तू तो हात सोडवून स्वतःला वाचवणार नाहीस. तू डोळे उचलून माझ्याकडे पाहिलंस. भुवयासुद्धा हलवल्या नाहीस.

मी उभी राहिले. पहिल्यांदा "स्लो डाउन" असं काहीतरी तोंडातून आलं, ते माझ्या मलाच ऐकू गेलं नाही. आणि मग ते आलं.

"ए! बोट हळू घे की! पूजा चाललीय हितं! कळतंय का न्हाय? डोळे फुटले का रे तुझे?"

आत्या, हे शब्द मी आयुष्यात कधी वापरले नव्हते. पण ऐकलेले सगळे होते. तुझ्या मागे उभी राहून, वर्षानुवर्षं.

गाणं बंद झालं. बोटीचा वेग इतका अचानक कमी झाला की वरची माणसं पुढे झुकली. एका बाईने तुझा हात पाहिला आणि तिथूनच हात जोडले. तिचं बघून सगळ्यांनी जोडले. तरी थोडी लाट आलीच. मी खाली बसून दोन्ही हातांनी तुझं मनगट धरलं. बोट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. लिंग हललं नाही. तुझी नाडी मला बोटांखाली लागत होती. अगदी सावकाश चालली होती ती. घाबरलेल्या बाईची नाडी तशी नसते.

पूजा संपवून तू डबी बंद केलीस, दोरा आत सरकवलास, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यालीस. मग म्हणालीस, "एवढा आवाज कुटं लपवून ठिवला हुतास गं?"

मी म्हणाले, "मुद्दाम केलंस ना तू?"

"बाई गं. मला काय ठावं, दुसरी बोट येणार म्हणून?"

"खोलीत पूजा का नाही केलीस मग?"

तू पिशवीतून कडक भाकरी काढलीस, मोडलीस, शेंगाचटणी लावलीस आणि एक तुकडा बाबलला दिलास. हे तुझं नेहमीचंच, उत्तर द्यायचं नसलं की माणसाच्या हातात खायला ठेवायचं. बाबलने दाताखाली तुकडा मोडला, आवाज ऐकून स्वतःच दचकला, आणि म्हणाला, "काकी, ह्यां पापड हा की भाकरी?" मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी आमच्या बंदरावर ऱ्हवा. तुमचो आवाज असल्यावर माका भोंगो कशाक व्हयो?"

तू एवढी फुगलीस की जॅकेट तंग झालं. "आमची भाची हाय. इंग्लिश शाळेत शिकलीय."

नंतर डॉल्फिन आले. तू बघितलेस आणि म्हणालीस, "म्हशी पाण्यात बसल्यावानी दिसत्यात की."

परतीच्या वाटेवर बसमध्ये मी पुन्हा विचारलं. तू झोपेचं सोंग घेतलंस. घरी आल्यावर तू बाबलच्या पोरांसाठी भाकरीचं पहिलं पार्सल बांधत होतीस तेव्हा विचारलं, तर नागम्माकाकूसमोर मलाच वेडी ठरवलंस. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मला फार विचारावंसं वाटत होतं, पण तिथे तू दमलेली होतीस आणि आपण पंखा, उशी, आईने आणलेली पेज असलंच बोलत राहिलो. तेव्हा ते राहून गेलं. आता तू सांगणार नाहीस. मी ठरवलंय की तू मुद्दामच केलंस. दुसरी बोट येणार हे तुला माहीत नव्हतं, मान्य. पण काहीतरी येईल आणि तेव्हा मला बोलावं लागेल, एवढा तुझा माझ्यावर भरवसा होता. लिंग तळहातावर घेऊन तू दोघांच्या भरवशावर बसली होतीस, एक तुझा देव आणि एक मी. हे मोठं देणं आहे, आत्या, आणि मी तुला त्याबद्दल कधी काही म्हणाले नाही. तुझ्यासमोर म्हणाले असते तर तू भाकरी हातात ठेवली असतीस.

दुसरा वाद तू जिंकली नाहीस, हेही लिहून ठेवते. "तुझं लिंग कपाटात ठेवून तुला जमतं कसं?" असं तू विचारायचीस. ते अजून कपाटातच आहे. गळ्यात कधी घालेन की नाही, माहीत नाही. तू गेलीस म्हणून रडून घालणार नाही, तसं केलं तर तूच हसशील. मात्र तुझ्या तळहातावर ते ठेवलं तेव्हा मला कळलं, की रोज इतका वेळ एका जागी स्थिर हात धरणं म्हणजे काय असतं.

काल संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना बसवलं. आई, मी, आणि दाराशी उभी नागम्माकाकू. बाबा खाली बघत बोलायला लागले. "तर ठरल्याप्रमाणं, भाकरीचं आता..." आणि कोनाड्यात तुझा फोन वाजला.

बाबा थांबले. आई रुमाल नीट करायला उठली. मी तिच्या आधी उठले, रुमाल काढला आणि फोन कानाला लावला. तू जसं म्हणायचीस तसंच म्हणाले, "बोला की!"

पलीकडून आवाज आला, "काकी? बाबल बोलतंय. भाकरी संपली. पोरां सकाळपास्ना रडतत."

मी अजून कुणालाही हे तोंडाने सांगितलं नव्हतं. नातेवाइकांना बाबांनी सांगितलं, माझ्या मैत्रिणींना मी मेसेज केला. बाबल पहिला. "बाबलदादा, मी श्रेया. आत्या गेली," मी म्हणाले. आवाज मध्येच फाटला, पण शेवटपर्यंत गेला. त्याच्या मागून समुद्राचा आवाज येत होता, किंवा मला तसं वाटलं. मग म्हणाला, "काकीन माका सांगल्यानी हुता, दिवाळीनंतर परत येतलंय म्हणान." आणि फार हळू, "मगे भाकरी बंद झाली काय आता?"

मी बाबांकडे पाहिलं. नागम्माकाकू दाराची चौकट धरून उभी होती. तिला भुवया कशा वापरायच्या ते तुझ्याकडूनच आलंय.

"बंद कशाला होईल?" मी म्हणाले. "या आठवड्यात पाठवते. यापुढं याच नंबरवर मला फोन करायचा."

बाबा काहीतरी म्हणणार होते. मी त्यांना हाताने थांबवलं, खड्ड्याशी माणसांना एकेकानं या म्हणून थांबवलं होतं तसंच. "नोकरी सोडत नाही, बाबा. दोन्ही करणार आहे. मागची खोली भाड्यानं जाणार नाही." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग चष्मा काढून पुसायला लागले. नागम्माकाकू वळून आत गेली. थोड्या वेळाने आतून भाकरीवर नख वाजल्याचा आवाज आला. टण्.

फोनवर बाबल अजून होता. मी म्हणाले, "आणि दिवाळीनंतर तुमची बोट लागेल."

"ठेवतंय की. किती जणां येतलास?"

"सहा. चुलीपुढच्या पाचजणी आणि मी. बाकी कुणी नको. अख्खी बोट आमचीच पाहिजे."

"आणि पूजा?" त्याने विचारलं. "मोठ्या बोटवाल्यांका आधीच सांगून ठेवू?"

"नको," मी म्हणाले. "त्यांचं मी बघते. पाणी पण आम्ही घेऊन येतो."